तिसऱ्या वळणावरचे पाणी

पूजेचा कलश भरताना मी अद्यापही क्षणभर थांबतो. पाणी काठाशी आले की पृष्ठभाग किंचित फुगतो, आणि आता आणखी एक थेंब पडला तर सारे ओघळेल असे वाटते. त्या वेळी मुखाने मंत्र चाललेला असतो. पण डोळ्यांपुढे वरुणदेवता न येता सखाराम मेस्त्री येतो. हा अपराध असेल तर देवाने तो आजवर पोटात घातला आहे.

मालवणपासून चार कोसांवर, खाडीच्या काठी आमचा गाव. मी पाठशाळेत अध्ययन करून आलेला, गावच्या शाळेत शिकविणारा आणि रवळनाथाच्या देवळात नित्य पाठ करणारा मनुष्य. सखाराम मेस्त्री मोटारी दुरुस्त करणारा. देवळाच्या मागल्या बाजूस, एका जुन्या फणसाखाली त्याची माडाच्या झापांची खोप होती. आम्हां दोघांत सामाईक असे काही असण्याचे कारण नव्हते. तरीही पुढे पंधरा-सोळा वर्षे आमचा स्नेह राहिला, त्याला कारण त्याचे हात.

यंत्राचे काम करणारा मनुष्य काम झाल्यावर हात धुतो. सखाराम आधी धुवी. राख आणि नारळाच्या सोडणाची वाख घेऊन तो विहिरीवर बसे, नखांच्या कडा घासी, आणि मग इंजिनास हात लावी. काढलेला प्रत्येक भाग पुसून तो पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद बुडख्यावर, ठेवी; पहिला डावीकडे, मग दुसरा, मग तिसरा. जोडताना उलट क्रमाने उचली. मी प्रथम पाहिले तेव्हा मला षोडशोपचारांची मांडणी आठवली. मी तसे बोललो, तर तो ओशाळला.

"तसां काय नाय, गुरुजीनू. माका भय वाटता. एखादो नट ऱ्हवलो तर? जो भियेता, तो दोनदा बघता."

हे त्याचे वाक्य गावात म्हणीसारखे झाले होते. घराची कडी लावून निघालेला सखाराम वाटेतून परत येऊन कडी पाही. मोटार थांबविली की चाकांपुढे दगड ठेवी, आणि मग दगडांपुढे दुसरे दगड ठेवी. लोक हसत. तोही हसे, पण दगड काढीत नसे.

शिवणीच्या लाकडाची एक हातभर काठी त्याच्यापाशी असे. तिचे एक टोक तो चालू इंजिनास टेकवी, दुसरे दातांत धरी, आणि डोळे मिटी. कान बाहेरचा गलबला ऐकतात, दात आतले ऐकतात, असे त्याचे म्हणणे. एका श्रावणात मी देवळात पाठ करीत होतो. तो बाहेर पायरीवर बसला होता. पाठ संपल्यावर म्हणाला, "राग येव नको, गुरुजीनू. आज चारदा तुमचो श्वास मधीच अडाकलो. डाक्टराक छाती दाखवा."

मी त्याला, मंत्रोच्चारात तुला काय कळते, असे काहीसे बोललो. आठ दिवसांनी मी न्युमोनियाने अंथरुणास खिळलो. तो रोज येऊन दाराशी बसे, आणि माझा खोकला ऐकून जाई.

त्याने एक मोटार स्वतः बांधली होती. सांगाडा एका जुन्या विलायती गाडीचा. तिचे मूळचे इंजिन मोडीत गेले होते. त्या जागी त्याने लढाईच्या आधीचे, आठ सिलिंडरांचे, एका सरदाराच्या मोठ्या मोटारीतले पेट्रोल इंजिन बसविले. ते मावेना, म्हणून पुढचे झाकण हातभर लांबविले. मागचा टप कापून तिथे बाज बसेल एवढी जागा केली. पुढून ती गाडी नाकाडी, मागून उघडी. आजाऱ्याला निजवून न्यायला पंचक्रोशीत दुसरे वाहन नव्हते, म्हणून लोक तिला "सख्याची पालखी" म्हणत. निघण्यापूर्वी सखाराम तिच्या लांब नाकापुढे उभा राहून, देवापुढे घालावे तसे गाऱ्हाणे घाली. "बा म्हाराजा, आज ह्या लेकराक घेवन घाट चढूचो आसा. वाटेत काय वाकडां-तिकडां आसात तर तां सरळ कर रे म्हाराजा!" आणि आजाऱ्यासुद्धा सारे म्हणत, "व्हय म्हाराजा!"

तो देवाला सांगत होता की इंजिनाला, हे मी कधी विचारले नाही.

आता जे सांगायचे, ते त्याच्या धाकट्या बहिणीचे. तिचे नाव यशोदा. तो येसू म्हणे. आईवडील लवकर गेले, त्यानेच तिला वाढविली. तिचा नवरा गलबतावर तांडेल. वर्षाचे आठ महिने समुद्रावर. पहिल्या खेपेस येसू बाळंतपणासाठी भावाकडे आली आणि अडली. मालवणच्या डॉक्टरांनी कोल्हापुरास न्यायला सांगितले. वैशाखाचे दिवस. फोंडा घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिनाचे पाणी उकळले आणि पालखी थांबली. सोबतचे पाणी संपले होते. झरे आटले होते. येसूसाठी घेतलेली चार शहाळी होती. ती फोडून त्याने इंजिनात ओतली. इंजिन निवायला तासभर लागला. तो तास येसू त्या वळणावर, उन्हात, धरलेल्या चादरीच्या सावलीत पडून होती. ती वाचली. मूल हाती लागले नाही.

त्याने कधीही इंजिनाला दोष दिला नाही. "तेणां दुसऱ्या वळणारच सांगितलेला," तो म्हणे. "माकाच आयकाक इला नाय. मी येसूचां रडणां आयकत होतंय."

त्यानंतर सात वर्षे येसूची कूस उजवली नाही. गोवा मुक्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी ती पुन्हा भावाच्या दारात उभी राहिली, सहावा महिना घेऊन. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितले की, शस्त्रक्रियेवाचून हे बाळंतपण होणार नाही. आठवा महिना लागताच चैत्रात तिला कोल्हापुरास न्यावे, पण निजवून न्यावे. हादरे बसता कामा नयेत, आणि उन्हात खोळंबाही होता कामा नये. एस.टी.चे नावही त्यांनी काढू दिले नाही.

सखारामचा धाकटा भाऊ वासू मुंबईत एका कारखान्यात होता. त्याला हे कळताच त्याने एक नवे डिझेल इंजिन मिळवून बोटीने मालवणास पाठविले. सोबतच्या पत्रात लिहिले होते, "दादा, ते लढाईच्या आधीचे भंगार आता फेकून दे. हे इंजिन कसलाही चढ चढेल, उकळणार नाही."

इंजिन आले त्या दिवशी सखारामने त्याला हळदकुंकू लावले, काठी टेकवून ऐकले, आणि काठी दातांतून काढून बराच वेळ हातात धरून बसला.

"काय म्हणते?" मी विचारले.

"बोलता खूप. पण माका तेची भाषा येणा नाय."

त्यानंतर त्याने जे केले ते मी अन्यत्र पाहिले नाही. आधी त्याने जुने इंजिन असतानाच पालखीत बाज बांधली. येसूच्या वजनाइतकी ओली वाळू गोणीत भरून बाजेवर निजविली. गोणीच्या मध्यावर परात, परातीत पितळेचा तांब्या. तो काठोकाठ भरला, आणि मला म्हणाला, "गुरुजीनू, तुम्ही मागे बसा. तांब्याकडे बघा. पाणी किती सांडता तां माका सांगा. दुसरो कोण बसलो तर माका बरां वाटाचा म्हणान खोटां सांगतलो."

शाळेला सुटी होती. मी धोतराचा काचा मारून वाळूच्या गोणीशेजारी बसलो, आणि आमचा गाव ते घाटमाथा असा प्रवास तांब्यावरची दृष्टी न काढता केला. नामस्मरणातही माझे चित्त इतके एकाग्र कधी झाले नसेल. जुने इंजिन मऊ चाले. दोन बोटे पाणी सांडले, अधिक नाही. परंतु तिसऱ्या वळणावर नाकाडातून वाफ निघाली, आणि पालखी नेमकी त्याच जागी थांबली.

मग फणसाच्या फांदीला साखळी टाकून त्याने ते इंजिन उतरविले, नवे चढविले, आणि आम्ही पुन्हा निघालो. तीच गोणी, तोच तांब्या. नवे इंजिन सारा घाट एका दमात चढले. वाफेचा लवलेश नाही. मात्र त्याची थरथर सांगाड्यातून बाजेत आणि बाजेतून माझ्या दातांत येत होती. माथ्यावर पोहोचलो तेव्हा तांब्यात अर्धे पाणी उरले होते. बाकीचे परातीत.

त्याने परातीतले पाणी पाहिले. "एक थांबता. एक हलयता," तो म्हणाला, आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला.

येसूला न्यायला महिना राहिला होता. सखाराम जेवेना. खोपीत एक इंजिन गाडीत, दुसरे फळ्यांवर. हा दोहोंच्या मध्ये. येसू ओटीवर बसून तांदूळ निवडी आणि त्याला टोची. "दादा, सोयरीक जुळयतस काय रे? ह्यां बघतस, तां बघतस. न्हवरो हंय बसलो हा, तेका विचार तरी!" असे म्हणून ती पोटावर हात ठेवी. तो हसत नसे. एकदा ती माझ्यासमोर हळूच म्हणाली, "हादरे सोसतलंय मी, गुरुजीनू. पण त्या वळणार परत निजाक सांगू नकात."

शेवटी तो देवाला कौल लावायला आला. आमच्याकडची रीत वाचकांस ठाऊक नसेल तर सांगतो. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे व डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवितो, आणि देवाला प्रश्न घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमचा बाबल गुरव वृद्ध आणि तोंडाळ होता; पण पाकळी लावताना त्याचा हात पवित्र होई.

"जुन्या इंजिनान येसूक न्हेव काय, म्हाराजा?" बाबलने विचारले. काही वेळाने उजवी पाकळी सुटली.

सखारामने हात जोडले. उठला. उंबऱ्यापर्यंत गेला, आणि कडी पाहायला परतावे तसा परत आला. "बाबलकाका, नव्याचांय विचारा."

"अरे, देवान दिल्यान मां एकदा?"

"विचारा. पायां पडतंय."

बाबलने कुरकुरत पुन्हा पाकळ्या लावल्या. नव्या इंजिनाचा प्रश्न घातला. पुन्हा उजवीच पडली.

 मग बाबल कडाडला, "एका गजालीक दोन कौल! देवाक काय तुझ्या मोटारखान्यात कामाक ठेवलंस? घे आता! दोनय इंजिना बांध आणि जा!"

सखारामचा चेहरा राखेसारखा झाला. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तो पुन्हा घालणे हा आमच्याकडे देवाचा अविश्वास मानला जातो, आणि त्याचे फळ चांगले नसते, असे आम्ही सारे लहानपणापासून ऐकत आलो होतो. सभामंडपात येऊन तो माझ्यापुढे बसला. "म्हणजे देवाक म्हायत नाय, की देव माझ्यार रागावलो?"

मी काही थोर अधिकारी पुरुष नव्हे. तरी जे सुचले ते बोललो. "देवाने संमती दिली आहे, सखाराम. दोन्ही वाटांना. कोणत्या वाटेने जायचे, ते त्याने तुझ्यावर सोपविले. रागावलेला बाप मुलावर काही सोपवीत नाही."

 दुसऱ्या दिवशी फणसाखाली साखळी पुन्हा वाजू लागली. नवे इंजिन उतरत होते.

"जुनां थांबता कशाक, तां माका म्हायत आसा," तो म्हणाला. "नयां हलता कशाक, तां कळाक वर्स जाईत. माझ्याकडे तीन हप्ते आसत. मगे जुन्याक थांबूक द्यायचां नाय."

युक्ती अशी होती. चढावरच्या वळणांवर पालखी माणसाच्या चालीने जाते. इंजिनाच्या पुढे जी पाण्याची जाळी असते, तिच्यावर बाहेरून गार पाणी मारले तर आतले पाणी उकळत नाही, आणि गाडी थांबवावी लागत नाही. म्हणून पाच वळणांवर पाच माणसे, प्रत्येकापाशी दोन घागरी. तीन माणसे गावातून ठरली; पाचव्या वळणावर बाबल स्वतः उभा राहणार म्हणून हटून बसला. तिसरे वळण सखारामने मला दिले.

"थंय माझो हात थरथरतलो, गुरुजीनू. तुमचो थरथरणा नाय."

आम्ही आदल्या दिवशी एस.टी.ने घाटाच्या पायथ्याशी जाऊन राहिलो. रात्रीच्या गारव्यात का निघत नाही, असे निघण्यापूर्वी कोणी विचारले, तर बत्तीच्या उजेडात खड्डा उशिरा दिसतो, असे सखाराम म्हणाला होता. तो पहाटे उजाडताच निघणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागरी भरून तिसऱ्या वळणावर उभा राहिलो. संध्या आटोपली होती. जप चालू केला, पण माळ पुढे सरकेना. ऊन चढू लागले. चैत्रातल्या घाटात पाखरेही थोडी बोलतात. एक बैलगाडी गेली. तिच्या चाकाचा करकर आवाजही मला इंजिनाचा वाटला.

मग खालून तो आवाज आला. जड, मऊ, संथ. पहिल्या वळणावर कोणीतरी ओरडले, पाणी फेकल्याचा सपकारा ऐकू आला. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. मी घागर उचलली. पालखीचे लांब नाक वळणावर दिसले. सखाराम पुढे झुकून बसला होता. काठी इंजिनामागच्या फळीपासून दातांपर्यंत टेकवलेली, दोन्ही हात चाकावर. मागे बाजेवर येसू डोळे मिटून पडली होती. झाकणाच्या फटीतून वाफेची एक बारीक रेघ निघू लागली होती.

मी पुढे झालो, आणि आयुष्यभर ज्या हातांनी देवाला पाणी घातले, ते हात त्या क्षणी तेच करू लागले. मी घागर तिरपी केली, आणि जाळीवर संथ, अखंड, बारीक धार धरली. अर्धी धार वाऱ्याने रस्त्यावर गेली.

सखारामने काठी तोंडातून टाकली. "अभिषेक नको, गुरुजीनू! फेका! फेका!"

पालखी तोवर माझ्यापुढून सरकली होती. मी दुसरी घागर उचलून धावलो. उपरणे कुठे गेले कळले नाही. गाडीच्या नाकाशी पोहोचून साऱ्या देहबळाने मी ती घागर जाळीवर रिकामी केली. फस्‌कन वाफ उठली, माझ्या तोंडावर आली. पालखी थांबली नाही. बाजेवरून येसूने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले एवढे मला स्मरते. मग ती वळणाआड गेली.

आवाज वर चढत गेला. चौथ्या वळणावरचा सपकारा ऐकू आला. पाचव्याचा आला की नाही, सांगता येत नाही. आणि मग आवाज एकाएकी बंद झाला.

घाटमाथ्यावर गेलेल्या गाडीचा आवाजही असाच तुटतो, हे मी जाणत होतो. थांबलेल्या गाडीचाही असाच तुटतो, हेही जाणत होतो. मी रिकामी घागर हातात घेऊन रस्त्याच्या मध्यावर उभा होतो. माझ्या त्या धारेने जे पाणी वाया गेले, तेवढेच कमी पडले असेल तर? मला एकही मंत्र आठवेना. "जो भियेता, तो दोनदा बघता," एवढेच मनात फिरत होते, आणि पाहण्यासारखे काहीच नव्हते. 

किती वेळ गेला नकळे. वरून बाबल गुरव येताना दिसला. डोक्यावर घागर पालथी घातलेली, धोतर भिजलेले. तो लांबूनच ओरडला, "गेली! माथ्यार गेली! थांबली नाय!" आणि जवळ येऊन माझ्या भिजलेल्या अंगाकडे पाहत म्हणाला, "देवळात काय सांडयत नाय ता सगळा हंय सांडलात मां, गुरुजी?"

मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि रडलो.

येसूला कोल्हापुरात मुलगी झाली. दोघी सुखरूप परतल्या. परतताना सखारामने तिसऱ्या वळणावर स्वतः गाडी थांबविली, येसूने खाली उतरून मुलीचे पाय तिथल्या मातीला लावले, आणि मग ते पुढे आले. आल्यावर महिनाभरात त्याने जुने इंजिन उतरवून पुसले, तेलाच्या फडक्यांत गुंडाळून खोपीत ठेवले, आणि पालखीत नवे डिझेल बसविले. मला नवल वाटले. तो म्हणाला, "आता घाई नाय. तेची भाषा शिकतंय. देवान दोगांकय उजवी दिलेली आसा." थरथर कमी करायला त्याने इंजिनाखाली टायरचे तुकडे आणि काथ्याच्या गाद्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. वर्षभराने त्याने मला पुन्हा तांब्यापाशी बसविले. तीन बोटे सांडले. "जुन्याहून एक जास्त," असे म्हणून तो पुन्हा खाली शिरला.

पुढे सरकारी इस्पितळाच्या गाड्या आल्या, पालखीचे काम कमी झाले, आणि सखाराम येसूकडे, घाटाच्या पायथ्याशी तिच्या नवऱ्याने घेतलेल्या जागेत राहावयास गेला. आमची भेट विरळ झाली.

मी त्याला अखेरचे पाहिले ते एस.टी.च्या खिडकीतून. मी कोल्हापुरास निघालो होतो. तिसऱ्या वळणावर, डोंगराच्या कडेला, झापांच्या सावलीत एक मोठा रांजण रोवलेला होता. वर लाकडी झाकण, झाकणावर पत्र्याचे डबडे. एक वाकलेला वृद्ध खांद्यावरची कावड उतरवून त्यात पाणी ओतीत होता. गाडीचा आवाज ऐकून त्याने झाकण लावले, दोन पावले जाऊन परत येऊन ते पुन्हा एकदा दाबून पाहिले, आणि मग रस्त्याकडे तोंड करून डोळे मिटून उभा राहिला. मी हाक मारणार होतो. पण तो ऐकत होता, आणि ऐकताना त्याला हाक मारायची नसते.

आमची गाडी जवळ आली. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे न पाहता ड्रायव्हरकडे पाहिले, आणि हात वर करून सांगितले, "बरां आसा. जावा फुडे."